घरातली नर्स

डॉक्टरांनी माझ्या तापलेल्या लेकीला रोज एक इंजेक्शन लिहून दिलं, पण आज खोपोलीला न्यायला टेंपोच मिळेना. "घरात नर्स असताना एवढी तगमग कशाला गं?" सासूबाई म्हणाल्या. घरातली नर्स म्हणजे माझी नणंद, समीक्षा. हायवेलगतच्या कॉलेजात तीन वर्षं शिकली. कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटलच नव्हतं; निकालानंतर कळलं, त्यामुळं कायद्यानं तिची नर्स म्हणून नोंदणी होणार नाही. तेव्हापासून पांढरा गणवेश खुंटीवरच आहे. आज मात्र तिनं हात धुतले, सिरिंजमध्ये औषध ओढलं, लेकीची मांडी कापसानं पुसली. मी पोरीला छातीशी घट्ट धरलं. "वहिनी, माझी भीती वाटते?" "नाय गं" म्हणायला हवं होतं, पण मी पोरीची मांडी हातानं झाकली. वाटलं, रागावेल. तिनं सिरिंज ताटलीत ठेवली. "बरं केलंस. माणसात सुई किती खोल जाते, मला तरी कुठं ठाऊक हाय? आमी शिकलो ते पपईवर."