पिवळा फ्रॉक

“मुलगा की मुलगी?” मचाणावरच्या जीवरक्षकानं विचारलं.

इन्साफनं आधी आजूबाजूला पाहिलं. छत्र्यांखालच्या दहा-बारा बायका माना वर करून ऐकत होत्या. “मुलगी,” ती म्हणाली. “अडीच वर्षांची. पिवळा फ्रॉक, एक वेणी, कानात निळा मणी. बहिया म्हणतात.”

भोंग्यावरून तेच सगळ्या किनाऱ्यावर पुकारलं गेलं.

बहिया मुलगा होता. इन्साफचे आधीचे दोन मुलगे वर्षाच्या आतच गेले. तिसरा झाला तेव्हा सासूनं सूत्रं हातात घेतली. “नजरेला मुलगाच लागतो,” ती म्हणाली. “तिला तो दिसूच द्यायचा नाही.” मन्सूर हे त्याचं खरं नाव दाखल्यात गेलं आणि दाखला सासूच्या पेटीत. पोराला बहिया हे मुलीचं नाव आलं, फ्रॉक आला, वेणी आली. सारं गाव या लबाडीत सामील होतं, कारण प्रत्येक घरात असं एखादं पोर कधी ना कधी वाढलेलं होतं. अडीच वर्षांत इन्साफच्या जिभेला असं वळण पडलं की झोपेतही ती ‘बहिया’च म्हणायची.

दक्षिण इजिप्तमधल्या सोहागकडच्या साखर कारखान्यानं कामगारांची अलेक्झांड्रियाला सहल काढली होती. तीन दिवस, बसनं. समुद्र नवरा-बायको दोघांनीही पहिल्यांदाच पाहिला. पोरानं तर लाट पायाला लागताच तिला चापट मारली आणि पुढची आली तेव्हा हसून हसून खालीच बसलं. एक फिरता फोटोवाला मागे लागला, त्यानं तिघांना वाळूत उभं करून फोटो काढला. सकाळी दहाला नवरा, रिफाई, पोराला खांद्यावर घेऊन म्हणाला, “जरा होड्या दाखवून आणतो.” इन्साफनं चटई अंथरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले, थर्मासमधला चहा ओतून घेतला. बरं वाटत होतं. इतकं बरं वाटलेलं तिला सोसत नाही, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

दुपारी शेजारच्या छत्रीतली बाई सहज म्हणाली, “तुझा नवरा रस्त्यापलीकडे मासळीच्या रांगेत दिसला ग. एकटाच होता.”

तिथून ती धावत मचाणापाशी आली होती.

रिफाई तासाभरानं परतला. एका हातात कागदात बांधलेली तळलेली मासळी होती. दुसऱ्या हातातल्या पिशवीत पिवळा फ्रॉक होता.

“न्हाव्याकडे नेलं त्याला,” तो म्हणाला. “निळी चड्डी घेतली. मणी काढला. छत्रीपासून वीस पावलांवर सोडला आणि म्हटलं, जा, आईला दाखव. तो तुझ्याकडेच निघाला होता ग. इथं आपल्याला कोण ओळखतं? एक दिवस तरी त्यानं पोरगा म्हणून पाण्यात खेळावं, एवढंच वाटलं मला.”

तासभर सगळा किनारा पिवळा फ्रॉक शोधत होता. निळ्या चड्डीतलं, केस कापलेलं एक पोर त्याच लोकांमधून चालत गेलं होतं. एका फेरीवाल्यानं त्याला गोड पापडीचा तुकडाही दिला होता. चटईवर ओले पाय नकोत म्हणून एका बाईनं त्याला दंडाला धरून बाजूला केलं होतं. मुलगा कुणाचाच हरवलेला नव्हता, मग त्याला अडवणार कोण?

रिफाईनं भोंगा हिसकावून घेतला. “मन्सूर! मन्सूर!” अडीच वर्षांत पहिल्यांदाच ते नाव मोठ्यानं घेतलं गेलं. पण ते नाव पोराच्या ओळखीचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी समुद्रानं त्याला धक्क्याच्या दगडांपाशी आणून ठेवलं. समुद्राला काय, मुलगा नि मुलगी सारखीच. फोटोवाल्याला काहीच माहीत नव्हतं. तो सांगितल्या वेळी बसपाशी फोटो घेऊन आला.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. पोराचा तेवढा एकच फोटो घरात आहे, फ्रॉक आणि वेणीतला. सासू मरेपर्यंत रिफाईला घास सुखानं गिळू देत नव्हती. “नजरेच्या तोंडी तूच दिलास त्याला, तुझ्या हातानं,” ती म्हणायची. गावही तेच म्हणतं. रिफाई कुणालाच उलटून बोलत नाही. चाळिशीतच तो म्हातारा दिसू लागला आहे. त्या तारखेला दर वर्षी तो जेवायला बसतो आणि ताटाला हात न लावता विचारतो, “एकदा म्हण, माफ केलं.”

“खा,” इन्साफ म्हणते. “गार होतंय.”

त्याला वाटतं, ही त्याची शिक्षा आहे. तसं नाही. माफ करायचा हक्क आपल्याला नाही, हे तिला पक्कं माहीत आहे, आणि का नाही ते सांगायचं धाडस अकरा वर्षांत तिला झालेलं नाही.

त्या दुपारी, शेजारची बाई बोलायच्या आधी, ती थर्मासमधला उरलेला चहा ओतत होती. पाच-सहा पावलांवर एक पोर येऊन थांबलं, तिच्याकडे पाठ करून, समुद्राकडे बघत. निळी चड्डी. केस नुकतेच कापलेले, त्यामुळे मान उजळ दिसत होती. काय गोड पोर आहे, तिच्या मनात आलं. दोन मुलं गमावलेल्या बाईची नजर सगळ्यात वाईट, असं सासू म्हणायची. कुणाच्या तरी लेकराला आपली दृष्ट लागू नये म्हणून इन्साफनं तोंड फिरवलं, आणि ते पोर पुढे निघून जाईपर्यंत तिनं वळून पाहिलं नाही.