विटका मोरपंखी

फौजदारानं कुमुदताईंसमोर काचेची पट्टी धरली. तिच्यावर मोरपंखी रंगाचा एकच धागा होता.

“मयताच्या मुठीत सापडला. यंत्रानं रंग मोजलाय, ताई. तुमच्या नळाचं पाणी, तुमच्या गॅलरीतलं ऊन. अस्सा विटलेला मोरपंखी अख्ख्या शहरात दुसऱ्या कुणाचा नाही.”

“अहो, ती साडी मी दिवाळीआधीच बोहारणीला दिली! हा बघा, तिच्यावर घेतलेला स्टीलचा डबा.”

“यंत्राला रंग कळतो, बोहारीण कळत नाही. चला.”

चपला पायात सरकवताना कुमुदताईंना आठवलं. एका साडीवर एवढा मोठा डबा द्यायला बोहारीण तयार नव्हती, म्हणून त्यांनी वर लेकाचे, त्याच गॅलरीत वाळलेले तीन शर्टही टाकले होते.