मधे बाबा नको

"सगळ्यांनी मागे सरका. कॅमेऱ्यात एकाचंही डोकं दिसता कामा नये," सरांनी दटावलं, तशी फ्रेंचच्या प्राथमिक वर्गातली पोरं बाकांसकट मागे सरकली. टेबलावर लॅपटॉप, आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीत नवी साडी नेसून मादाम.

मादाम हे वर्गानं ठेवलेलं नाव. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी संपवून ही बाई विद्यापीठात पोराटोरांच्या रांगेत येऊन बसली, ती केवळ नातीसाठी. नात जन्मली परदेशात, आणि बोलते ती फक्त तिच्या आईची फ्रेंच. दर रविवारी आजी मराठीत बोलायची, नात फ्रेंचमध्ये, आणि मधे मुलगा दुभाषा. त्यानं सांगितलेलं सगळं मादाम सोमवारी वर्गाला ऐकवायची. आजी माझ्या स्वप्नात आली. आजी मला फार आवडते. ऐकून ऐकून वर्गालाही त्या नातीचा लळा लागला होता.

म्हणून वर्षाचा शेवटचा तास मुद्दाम रविवारी ठेवला होता. कल्पना मादामचीच. फ्रेंच शिकत असल्याचा तिनं मुलाला पत्ता लागू दिला नव्हता. आज त्याची चांगली जिरवायची होती.

तिची तीन वाक्यं पोरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली होती. मी तुझी आजी. आता आपण दोघी बोलू या. मधे बाबा नको. शेवटच्या वाक्याला वर्ग पोट धरधरून हसला होता. अडचण एकच होती. फ्रेंचांचा घशातला 'र' तिला काही केल्या जमत नव्हता.

"मादाम, गुळणी करताय असं समजा," सर म्हणायचे.

"समजते हो, पण कवळी बाहेर आली तर झेलणार कोण?"

फोन लागला. मुलगा पडद्यावर आला. त्याचा आवाज स्पीकरमधून वर्गभर घुमला.

"काय आई, आज एवढी नटलीस? कुठे लग्नबिग्न आहे की काय?"

"तुझं झालं तेवढं पुरे. चिमणी कुठंय?"

त्यानं मान वळवून हाक मारली. नात आली, ती तोंडात काहीतरी चघळत. पडद्याकडे तिनं पाहिलंही नाही. बापालाच फ्रेंचमध्ये विचारलं, "झालं का हिचं? मी जाऊ का?"

वर्गात पोरं तोंडावर हात दाबून हसू आवरत बसली होती. ते हसू जागच्या जागी विरलं.

"आत्ता तर आलीस," मुलगाही फ्रेंचमध्येच म्हणाला. "जरा हस तिच्याकडे बघून. मग टॅब देतो."

"मला नाही आवडत ती."

आवडतं आणि आवडत नाही, हा पुस्तकातला दुसराच धडा. मला कॉफी आवडते, मला पाऊस आवडत नाही. वर्गातल्या सगळ्यात ढ पोरालाही तो तोंडपाठ होता. त्यानं मान खाली घातली.

मुलगा कॅमेऱ्याकडे वळला आणि गोड हसला. "म्हणतेय, आजी मला फार आवडते."

नातीचं मादामला एवढं लागलं नाही. लेकरूच ते, कधी मांडीवर बसलं नाही, त्याला माया कुठून फुटणार? लागलं ते मुलाचं. तो कुठं अडखळला नव्हता की शब्द शोधत थांबला नव्हता. म्हणजे हे आजचं नव्हतं. दर सोमवारी तिनं या पोरांना कौतुकानं वाढलं ते सगळं याच भट्टीतलं होतं, आणि हे आता पोरांनाही कळलं होतं.

खूण करायला उचललेला सरांचा हात तसाच खाली आला.

तिन्ही वाक्यं तिच्या जिभेवर होती. एक जरी म्हटलं असतं, तरी मुलाची पाचावर धारण बसली असती. पण ती मराठीतच म्हणाली, "तिला सांग, लाल लोकरीचा स्वेटर विणतेय. बाह्या राहिल्यात. हात किती लांब झाले ते एकदा पुढे करून दाखव म्हणावं."

मुलगा नातीला म्हणाला, "आजी टाटा करतेय. पळ."

नात पळाली.

"लाजली गं," मुलगा म्हणाला. मग पडद्याजवळ आला. "आई? गप्प का झालीस? ऐकू येतंय ना?"

लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि कानावर पडेल ते कानाआड करायचं, हे नोकरीनं तिच्या अंगी चांगलं मुरवलं होतं.

"येतंय रे. ऐकू सगळं येतंय. कळत नाही, तेवढंच."

"तुला कळून काय करायचंय? मी आहे ना सांगायला!"

"हो बाबा. तू आहेस."

फोन बंद झाला. बाकावरून कुणी उठेना. सरांनी डस्टर घेतलं आणि फळा पुसायला घेतला, तो खालच्या ओळीपासून. मादामनं पिशवीतली लोकर उगाच खाली दाबली, पिशवी खांद्याला लावली आणि सरांपुढे येऊन उभी राहिली. वर्गातून जायची परवानगी फ्रेंचमध्येच मागायची असा नियम होता.

"मी जाऊ का?" तिनं विचारलं.

वर्षभर अडून बसलेला 'र' घशातून अलगद निघाला. हुबेहूब नातीसारखा.