घरचा सर्व्हर

लिनक्सचा विषय निघाला की दाजींना भान राहत नाही, याच भरवशावर बहीणभावांनी बेत आखला होता. भावाने त्यांना आतल्या खोलीत बोलतं ठेवायचं. तेवढ्यात ताईने बॅग उचलून निघायचं. कोपऱ्यावर गाडी उभी होती.

"दाजी, मलाही घरी असंच काहीतरी बसवायचंय," भाऊ म्हणाला.

दाजी खुलले. बायकोच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून त्यांनी तिथे जुना संगणक सर्व्हर म्हणून ठेवला होता. झाकण काढलेलं, पंख्यावर धुळीचा कण नाही.

"फोटो, मेल, कॅमेरे, सगळं यावर. कुठल्याही कंपनीला या घरातलं ओ की ठो कळत नाही. आणि सॉफ्टवेअर सगळं मुक्त. कुणीही उघडून वाचावं. आपल्याकडे लपवाछपवी नाही."

"वा," भाऊ म्हणाला. त्याचे कान स्वयंपाकघराकडे होते. तिथे मघापासून नळ सुरू होता.

"तुम्ही लोक फुकटचं वापरता, मेहुणेबुवा, आणि ते तुमच्या घरात डोकावतात. मला किळस येते. माणसाला काही खासगी असावं की नाही?"

"असावं की."

दाजींनी एक कळ दाबली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकू लागल्या.

"घरातल्या प्रत्येक फोनचं इंटरनेट यातूनच बाहेर जातं. हा तुमच्या ताईचा." त्यांचं बोट सावकाश खाली आलं. "महिला वसतिगृह. वकील. पुन्हा वसतिगृह. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून बघते बिचारी. तिला वाटतं, खासगी म्हणजे माझ्यापासूनही."

भाऊ चाचरला. "दाजी, ती..."

"अहो, घाबरता काय? मी कुठे कुणाला सांगतोय?"

नळ थांबला. घरातल्या बोळातून अनवाणी पावलं गेली. मग बाहेरच्या दाराची मूठ खाली दबली. वर आली. पुन्हा दबली.

दाजींनी मान वळवली नाही. "बाजारातलं कुलूप कंपनीच्या मर्जीवर चालतं. हे मी स्वतः या यंत्राला जोडलंय. महिनाभर खपलो."

मूठ आता जोरजोरात हलत होती. भाऊ उठला. दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा."

भाऊ बसला.

"अगं," दाजींनी मोठ्याने हाक मारली, "दाराशी आहेसच तर हातातल्या चपला जागेवर ठेव. आणि चहा टाक. मेहुणेबुवांना अजून कॅमेरे दाखवायचेत. कोपऱ्यावरची गाडीसुद्धा किती स्वच्छ दिसते!"

मुठीचा आवाज थांबला.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात पुन्हा नळ सुरू झाला.