कामावरचं कुलूप

"थांब गं," चांगोबाबा म्हणाले. "आदी कुलूप."

समिधाच्या हातात नवी कोरी डिस्क होती आणि समोर फळीवर काळा डबा करकरत होता. घरात सगळे त्याला डबाच म्हणत. पिक्चर, मॅचेस, बारशी, हळदी, जे काही साठवायचं ते त्याच्यात. आतल्या दोन डिस्कांपैकी एक गेल्या आठवड्यात बंद पडली होती आणि दुसरी कण्हत होती. आता डबा चालू ठेवूनच बंद पडलेली काढायची, तिथे नवी सरकवायची आणि जुनीवरचं सगळं नवीवर उतरेपर्यंत सात तास वाट पाहायची. वीज गेली तर घराला दमदार इन्व्हर्टर होता. भीती होती ती कुणी बटण बंद करण्याची. जुनी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरणार नव्हती, आणि दुसरीकडे कुठे प्रत ठेवायची बुद्धी समिधाला आजवर झाली नव्हती.

समिधाच्या सासऱ्यांनी, चांगोबाबांनी, चौतीस वर्षं मोहोपाड्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून काढली होती. तिथे मशीन उघडायचं म्हणजे कामावरच्या प्रत्येकाने बटणावर आपापलं कुलूप लावायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत साहेबानेसुद्धा बटणाला हात लावायचा नाही. तिथे कुलूप बंद बटणावर लागायचं, इथे चालू बटणावर लागलं, एवढाच काय तो फरक. म्हाताऱ्याने कालच्या दिवसात बटण आणि पिन दोन्हींवर बसणारं पत्र्याचं झाकण बनवलं होतं. कडा घासलेल्या, वायरीपुरती खाच, आणि कडीला सहा भोकं. असं काम बाजारात पैसे मोजूनही मिळत नाही, हे समिधाने मनातल्या मनात कबूल केलं.

"सहा कशाला, बाबा? आपण दोघंच तर आहोत."

"ज्याचं काम, त्याचं कुलूप. माणसं वाढली तर?" म्हणत त्यांनी आपलं लाल कुलूप अडकवलं. एक पुरे म्हणून समिधाने आपलं लावलं नाही आणि नवी डिस्क आत सरकवली.

त्या डब्यात एकतीस लग्नं होती, म्हणजे त्या लग्नांतले अंबाबाईचे धवले, लग्नविधींची गाणी. अंबाबाई ही समिधाची सासू. ती मांडवात उभी राहून धवला गाऊ लागली की बँडवालेही गप्प बसत. खालापुरात थोरल्या बहिणीच्या लग्नात समिधाने तो आवाज पहिल्यांदा ऐकला. पुढे या घरचं स्थळ आलं तेव्हा हिने माझ्याआधी सासूला होकार दिला, असं नवरा, ओमकार, अजून चिडवतो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी अंबाबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरलं ते फुंकर घातल्यासारखं बोलणं. तेव्हापासून टीव्हीवर धवला लागला की ती उठून परसात जाई. सकाळी समिधाने भीत भीत विचारलं होतं, "आई, तुमची गाणी नव्यावर घेतेय. चालेल ना?"

"पुसून टाक," अंबाबाई कुजबुजली. "जिचा गला, तीच गेली. ठेवून काय करायचं?"

समिधाला फार वाईट वाटलं. पण तिने पुसलं नाही.

चार तास काम बिनबोभाट चाललं. दुपारी दहिवलीच्या बाजूने काळं भरून आलं. कापलेलं भात शेतात उघडं पडलं होतं. सासरा-सून ताडपत्री घेऊन धावले. भारे ओढून झाकेपर्यंत तासभर गेला आणि ढग गडगडू लागले. चांगोबाबांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला. त्याबरोबर लाल कुलूप चिखलात पडलं.

"बाबा! हे इथे कसं?"

म्हातारा कुलपाकडे बघतच राहिला. "कामावरून उठलं की आपलं कुलूप काढून न्यायचं, ही सवय गं... हात आपोआप गेला बघ."

समिधाने घराकडे पाहिलं. विजेने एकदा घरातला फ्रिज जाळला होता. तेव्हापासून पहिल्या गडगडाटाला अंबाबाई घरभर फिरून एकूण एक पिन उपटत असे. त्यात डब्यातलं तर तिला नकोच होतं. समिधा चपला तिथेच टाकून बांधावरून पळत सुटली. एकतीस लग्नं, आणि तो आवाज पुन्हा कधी कानावर पडायचा नव्हता.

घरात अंधार होता. फ्रिजची पिन खाली लोंबत होती. मिक्सरची, टीव्हीची, मोबाइलच्या चार्जरची, सगळ्या उपटलेल्या. पंखा बंद. आतल्या खोलीत मानाच्या साड्यांची ट्रंक बिनकुलपाची होती, पण तिकडे बघायचं समिधाला भान नव्हतं. ती फळीकडे धावली.

डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

शेजारी स्टुलावर अंबाबाई बसली होती. बाहेर वीज कडाडली तशी ती दचकली, डोळे मिटले, पण जागची हलली नाही. पत्र्याचं झाकण बटणावर होतं तसंच होतं. कडीच्या सहा भोकांपैकी एकात ट्रंकेचं पितळी कुलूप अडकवलेलं होतं आणि त्याची चावी तिच्या मंगळसूत्राला होती.

"ह्यांचं कुलूप निघलं," ती कुजबुजली. "माझं हाय."