बेटावर कावळा नव्हता

जहाज बेटाला लागलं तसे प्रवासी टोप्या घालून, अंगाला क्रीम फासून रमतगमत खाली उतरले. सखा मात्र मोबाईल छातीशी धरून पळत सुटला. त्याला ना समुद्रात डुंबायचं होतं, ना छत्री खोचलेलं शहाळं प्यायचं होतं. त्याला हवं होतं नेटवर्क.

बंदरासमोरच्या कॉफीच्या दुकानाबाहेर वायफाय चालत असे. तिथल्या पायरीवर बसून त्यानं थोरल्या भावाला, काळुरामला, व्हिडिओ कॉल लावला. इथं सकाळचे दहा, म्हणजे घरी रोह्याला साडेअकरा. सुपरवायझरनं त्याला चार वाजेपर्यंत मोकळं सोडलं होतं, तेही बापाचा दहावा आहे म्हणाला म्हणून. वर एक सांगून ठेवलं होतं, "घरी जायचं असेल तर तीनच्या आत बॅग घेऊन उतर. पासपोर्ट हातात देतो. पण मग पुन्हा इथं नोकरी मागायला यायचं नाही."

सखा तीन वर्षं जहाजावर चादरी धूत होता. मधल्या सुट्ट्यासुद्धा त्यानं मुंबईत मित्राच्या खोलीवर काढल्या. गावी गेलं की बा आपल्याला वालाच्या शेतात जुंपणार आणि पुन्हा सोडणार नाही, ही त्याची धास्ती. बा निरक्षर. फोन वाजला की तो भाकरीसारखा तळहातावर आडवा धरायचा आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "बोल, कोन हायस?" मग आवाज ओळखून विचारायचा, "थंडीत मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावतो, येशील ना?"

"एवढा करार संपू दे, बा," सखा म्हणायचा. करार संपायचा आणि नव्या करारावर त्याची सही पडायची.

आणि मग भर समुद्रात दादाचा मेसेज आला. बा गेला. तुझ्यासाठी थांबता आलं नाय. दहाव्याला फोनवर तरी ये.

दहावा नेमका जहाज बेटाला लागायच्या दिवशी आला, तेवढंच नशीब. निघतानाच सखानं जहाजाचं वेळापत्रक दादाला पाठवून ठेवलं होतं.

कॉल लागला. कुंडलिका नदीचा काठ दिसला. दादानं उन्हाची टोपी कानांपर्यंत ओढली होती. त्याच्यामागून आईचं मुसमुसणं आणि बांगड्यांचा आवाज येत होता. दगडावर दर्भ, दर्भावर भाताचा पिंड. कावळे वरच्या झाडावर असल्याचं दादा म्हणाला, पण खाली कोणी फिरकत नव्हतं.

"तासभर झाला, शिवंना," काळुराम म्हणाला. "शेत पडीक ठेवनार नाय, म्हटलं. आयेला अंतर देनार नाय, म्हटलं. आता तूच बोल. तुझ्यातच जीव गुंतलाय त्याचा."

सखानं हात जोडले. "बा, पुढल्या थंडीत येतो. नक्की येतो."

दादानं वर झाडाकडे पाहिलं.

"नाय शिवला," दादा म्हणाला. "पुढली थंडी त्याला किती वेळा दाखवलीस, सखा?"

"बरं, हा करार संपला की," असं म्हणता म्हणता सखानं जीभ चावली. स्वतःचीच लाज वाटली त्याला. बापाच्या पिंडासमोरही आपण तारखा पुढं ढकलतोय.

त्यानं मान वर करून पाहिलं. माडांवर, छपरांवर, वाळूत सगळीकडे पांढरे पक्षी. काळं पीस म्हणून नाही. एवढा मोठा समुद्र ओलांडून इथं आलो आणि बापासाठी एक कावळा आपल्याला मिळत नाही, असं त्याच्या मनात आलं.

"बारा होत आलं," दादा म्हणाला. "दर्भाचा कावळा करून शिववतो आन निघतो. पन बा तसाच राहील बघ. उपाशी."

चित्र अडकलं. स्क्रीनवर नुसता दगड आणि पिंड. सखा त्या दगडाकडे बघत ओक्साबोक्शी रडू लागला. शेजारच्या टेबलावरची गोरी बाई घाईनं खुर्ची सरकवून बसली.

"बा, आज निघतो! आज! जहाज सोडलं मी. वाल पेरीन, तू म्हणशील ते करीन. पन असा उपाशी राहू नको रे, जेव!"

पलीकडे काहीच ऐकू येईना. सखानं मोबाईल कानाशी दाबला. मग दादा एकदम ओरडला.

"शिवला! सखा, शिवला रं!"

चित्र अजून अडकलेलंच होतं. पिंड जिथल्या तिथं. मग कॉल तुटला.

अडीच वाजता सखानं कागदावर सही केली, पासपोर्ट घेतला आणि बॅग खांद्याला लावून उतरला. लॉन्ड्रीतले सोबती वरून त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसे बघत होते. पाचला भोंगा झाला. बघता बघता जहाज वळलं आणि लहान होत गेलं. तीन वर्षांची भाकरी डोळ्यांदेखत चालली होती. तरी छाती हलकी झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा आपण बाचा शब्द राखला, असं त्याला वाटलं.

घरी कळवायला हवं होतं. दादाचा फोन बंद लागला. सवयीनं बोट बाच्या नंबरावर गेलं. तो पुसायचा धीर त्याला झालाच नव्हता. आता तो फोन आईकडे असणार. आये, निघालो गो, एवढंच सांगायचं त्यानं मनाशी ठरवलं.

चार वेळा घंटी वाजली. फोन उचलला गेला. मागून दादाचा आवाज आला, "आरं, उचलू नको म्हटलं ना!"

"बोल, कोन हायस?"