आईचा डावा डोळा

"मावशी, घशात खारट लागलं की सांगा हं," डॉक्टर आईला म्हणाले.

मी भिंतीला टेकून उभा. त्यांच्या हातातली बारीक सळई मी बनवलेली. मिरजेत माझं छोटं वर्कशॉप आहे, काम व्हिडिओ बघून शिकलो. आईच्या डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची वाट बंद झालेली, त्यामुळे डोळा कायम गळायचा. ती वाट उघडायची नेहमीची सळई कडक असते, जरा चुकली की भलतीकडे भोक पाडते. माझ्या सळईचं टोक वाकतं. अंड्याच्या आतल्या पापुद्र्यावर फिरवून बघितलं होतं, पापुद्रा फाटत नव्हता. माणसाच्या डोळ्यात मात्र ती आज पहिल्यांदाच जात होती. आईचाच हट्ट, "पहिली माझ्यात घाल."

सळई आत गेली. डॉक्टरांनी पिचकारीनं मिठाचं पाणी सोडलं. वाट उघडली असली तर ते नाकातून घशात उतरणार होतं. मी आईच्या गळ्याकडं बघत होतो.

मग तिनं घोट गिळला. "ईऽऽ, खारट!"

"पोरानं नाव काढलं, मावशी," डॉक्टर हसले.

रिक्षात ती सवयीनं पदर डोळ्याला लावत होती. पदर कोरडाच.

"बाबा गेल्यापासून रडतीयस, आता बास," मी चेष्टेत म्हणालो.

"रडले कुठं रे? डोळा तेव्हाच गळायला लागला. लोकांना वाटलं रडतीय. म्हटलं, वाटू दे."

"मग वाईट नाही वाटलं?"

"काहीच वाटलं नाही. अजून नाही वाटत."

"मलापण नाही," मी म्हणालो. हे कुणाला कधी बोललो नव्हतो.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग रिक्षावाल्याला म्हणाली, "सावकाश घे बाबा. घरी आता कोण वाट बघत नाही."